जुनी चित्रकथा टपालाने पाठविताना

इंद्रजाल कॉमिक्सचे प्रकाशन १९६४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये थांबले. वेताळ, मॅन्ड्रेक आणि आबिद सुरती यांनी निर्माण केलेला बहादूर यांच्या कथा त्या काळी मराठीतूनही घरोघरी पोहोचल्या. त्या मूळ अंकांपैकी एखादा प्रवासात खराब झाला, तर त्याच्या जागी तसाच दुसरा मिळविणे कठीण असते. जुन्या चांदोबाच्या किंवा अमर चित्रकथेच्या सुरुवातीच्या अंकांचेही तेच. पणजीहून इंदूरला किंवा बेळगावहून वडोदऱ्याला असा अंक पाठवायचा झाल्यास वेष्टनाचा विचार आधी आणि टपालखर्चाचा नंतर करावा. सुदैवाने चांगल्या वेष्टनाला पैसे फारसे लागत नाहीत.

अंकाला इजा होते ती प्रामुख्याने तीन कारणांनी: दुमडणे, ओलावा आणि वेष्टनाच्या आतली हालचाल. जुने अंक बहुधा वर्तमानपत्री कागदावर छापलेले असतात. या कागदातील लिग्निनमुळे तो कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो आणि नव्या कागदाला सहज सोसणारा बाक त्याला सोसत नाही. एकदा कोपरा मोडला किंवा कण्यावर पांढरी रेघ उमटली, की ती जात नाही. संग्राहक अंकाची प्रत ठरविताना हेच आधी पाहतात.

अंक प्रथम स्वच्छ, पारदर्शक पॉलिप्रॉपिलीनच्या पिशवीत ठेवावा. शर्ट-साड्यांच्या दुकानांत वापरतात तशी पिशवी चालते, मात्र तिच्या तोंडावर डिंकाची पट्टी असल्यास ती कापून टाकावी. अंक बाहेर काढताना मुखपृष्ठ त्या पट्टीला चिकटून सोलले जाण्याचा धोका असतो. पीव्हीसीची जाड, वास येणारी पिशवी टाळावी. अंकामागे आम्लरहित पुठ्ठा ठेवणे उत्तम. तो न मिळाल्यास साधा पुठ्ठा चार-आठ दिवसांच्या प्रवासापुरता चालतो, पण पोहोचताच काढून टाकण्याची सूचना सोबत लिहावी.

वेष्टनाचा खरा आधार म्हणजे किराणा दुकानात फुकट मिळणाऱ्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा. त्याचे दोन तुकडे अंकापेक्षा चारही बाजूंनी सुमारे दोन सेंटिमीटर मोठे कापावेत. एका तुकड्यातील नाळ्या उभ्या आणि दुसऱ्यातील आडव्या असाव्यात. पुठ्ठा नाळीच्या दिशेने सहज वाकतो, म्हणून दोन्ही तुकडे एकाच दिशेचे असले तर पाकीटही त्या बाजूने वाकते. आडवे-उभे ठेवल्यास ते फळीसारखे ताठ राहते. अंकाची पिशवी एका तुकड्याच्या मध्यभागी मास्किंग टेपने चिकटवावी, म्हणजे अंक सरकून त्याचे कोपरे कडेला आपटत नाहीत. टेप फक्त पिशवीला लागावी, अंकाला कधीही नाही. दुसरा तुकडा वर ठेवून कडा बंद कराव्यात आणि टेपचे एक टोक दुमडून ठेवावे, म्हणजे उघडणाऱ्याला ब्लेड लावावे लागत नाही. सर्वांत बाहेर बबल रॅपचा एक थर आणि जाड प्लॅस्टिकचे पाकीट पुरेसे होते.

कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. दमट कागद प्लॅस्टिकमध्ये बंद केला, तर ओल आतच कोंडते, बुरशी धरते आणि स्टेपलच्या पिना गंजतात. अंक आधी एक-दोन दिवस कोरड्या खोलीत, उन्हापासून दूर ठेवावा. घाई नसेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबणे अधिक शहाणपणाचे.

अनेक अंक एकत्र पाठविताना कण्याची बाजू आलटून पालटून ठेवावी, कारण पिनांमुळे ती बाजू जाड असते आणि गठ्ठा एकीकडे कलतो. सुतळी किंवा रबरबँड कडांत रुततात, ते वापरू नयेत. खोक्यातील मोकळी जागा पूर्ण भरावी. खोके हलवून पाहिल्यावर आत काहीही सरकता कामा नये.

खर्चाचे गणित वजनाइतकेच आकारावर अवलंबून असते. बहुतेक कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात आणि येणारा आकडा प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असल्यास त्यावर दर लावतात. ३० बाय २२ बाय ३ सेंटिमीटरचे चपटे पाकीट या हिशेबाने सुमारे ४०० ग्रॅमचे ठरते. तोच एक अंक ३५ बाय २८ बाय १२ सेंटिमीटरच्या खोक्यात घातला, तर तो दोन किलोंहून अधिक भरतो. बचत करावी ती अशी, पुठ्ठ्यात नव्हे.

टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा सुरू केली. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर, असे तिचे दर जाहीर झाले. ते मोहात पाडणारे असले, तरी नियतकालिके आणि जाहिराती असलेली प्रकाशने या सेवेत बसत नाहीत. इंद्रजाल व चांदोबा ही नियतकालिकेच होती. पुस्तकरूपातील चित्रकथांबाबत खिडकीवर आधी विचारून घ्यावे. शिवाय ही वाहतूक रस्ता-रेल्वेने होते, त्यामुळे वेळ अधिक लागतो.

रजिस्टर्ड टपाल २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, त्यामुळे एकट्या अंकासाठी स्पीड पोस्ट हाच सरळ मार्ग उरतो. मात्र वस्तू हरवल्यास किंवा खराब झाल्यास भरपाई मिळते ती भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांपैकी जी कमी असेल तेवढीच. अंक त्याहून मौल्यवान असल्यास विम्याची चौकशी करावी, पाठविण्यापूर्वी मुखपृष्ठ, मलपृष्ठ व कण्याची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पावती अंक पोहोचेपर्यंत जपावी. घेणाऱ्यानेही पाकीट उघडताना चित्रीकरण केल्यास तक्रारीच्या वेळी ते उपयोगी पडते.