ज्येष्ठमधाची दूरची वाट

बाळगुटीच्या डबीत हिरडा, वेखंड, मुरुडशेंग यांच्या शेजारी ज्येष्ठमधाची कांडी असते. वरून तपकिरी, सुरकुतलेली. मोडली की आतून पिवळी, धाग्याधाग्यांची. इतकी घरची झालेली ही कांडी आपल्या मातीतली मात्र नाही. ज्येष्ठमधाला कोकणचा धो धो पाऊस मानवत नाही. कोरडी हवा आणि नदीकाठची खोल, भुसभुशीत जमीन त्याला लागते. म्हणून तो इराण, अफगाणिस्तान, मध्य आशिया आणि भूमध्य समुद्राच्या काठी फोफावतो.

आपल्याकडच्या काष्ठौषधीच्या दुकानांत मिळणारा बराचसा ज्येष्ठमध बाहेरून येतो. त्याच्या येण्याचं एक मोठं दार म्हणजे उरण तालुक्यातलं न्हावा शेवा. आगरी-कोळ्यांच्या गावांचं नाव मिरवणारं हे बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. ज्येष्ठमधाच्या या मुळाची ख्याती मात्र फार जुनी. इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या आसपास ग्रीक पंडित थिओफ्रास्टसने शकांच्या मुलखातलं हे गोड मूळ कोरड्या खोकल्यावर आणि दम्यावर चालतं, अशी नोंद केली. चरकसंहितेने बुद्धी वाढवणारी चार रसायनं सांगितली: मंडूकपर्णी, गुळवेल, शंखपुष्पी आणि दुधातून घ्यायचं ज्येष्ठमधाचं चूर्ण. पहिली तीन आपल्या रानातही सापडतात. चौथं परमुलखातून आलं, तरी त्याच मानाने नांदलं.

आवाज बसला की गायक आणि कीर्तनकार कांडी चघळतात. गोडवा हळूहळू उतरतो आणि जिभेवर बराच वेळ रेंगाळतो. तो मुळातल्या ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्याचा, साखरेहून सुमारे ५० पट गोड. मुळाचा रस घशाला ओलावा देतो, खवखव शमते.

या गोडव्याची दुसरी बाजू नेदरलँड्समध्ये दिसली. १९४६मध्ये डॉक्टर रेव्हर्स यांनी जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाचा अर्क दिला. व्रणाला उतार पडला, पण साधारण पाचांतल्या एकाच्या अंगावर सूज आली. पुढे कारण उलगडलं. शरीरातल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला मूत्रपिंडात निष्प्रभ करणारं एक विकर असतं. ग्लिसिऱ्हायझिनपासून शरीरात तयार होणारा घटक त्या विकराला अडवतो. मग निष्प्रभ न झालेल्या कॉर्टिसॉलमुळे मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. याच मुळातल्या द्रव्यापासून पुढे कार्बेनॉक्सोलोन हे व्रणावरचं औषध बनलं, तेही हाच दोष घेऊन.

म्हणजे गुण आणि धोका एकाच द्रव्याचे. बसलेल्या घशासाठी एखाददुसरा दिवस कांडी चघळणं वेगळं आणि महिनोन् महिने रोज चमचाभर चूर्ण घेणं वेगळं. रक्तदाबाचे, हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे रुग्ण, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे आणि गर्भवती यांनी डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय ज्येष्ठमध घेऊ नये. तान्ह्या बाळाला काही उगाळून चाटवण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारावं. बंदरात आलेल्या मुळांना कीड किंवा माती लागलेली नाही ना, हे सरकारी अधिकारी तपासतात. मात्रा किती, हे पाहायला मात्र घरात कोणी अधिकारी येत नाही. ते भान आपणच ठेवायचं. वैद्यकाने ज्येष्ठमधाला नेहमी औषध मानलं आहे; आपणही त्याला औषधाचाच मान द्यावा.