मत मिळालं, वाचक कुठाय?

२०१८ साली मी लेखनाचे पैसे देणाऱ्या एका साइटवर पहिला लेख टाकला. विषय होता आजीचं जातं. रात्रभर फोन उघडून बघत होतो. सकाळी कमाई दिसली, शून्य. दुसऱ्या लेखाला थोडे पैसे मोजून एका बॉटचं मत विकत घेतलं. आकडा वाढला, पण लेख कुणी वाचलाच नव्हता. असं का होतं ते शोधत गेलो आणि स्टीमिटच्या इतिहासापाशी पोचलो.

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी २०१६ मध्ये स्टीमिट सुरू केलं. कल्पना भुरळ पाडणारी होती. स्टीम नावाचं नवं चलन सतत तयार होणार आणि त्यातला काही हिस्सा लिहिणाऱ्यांना आणि मत देणाऱ्यांना मिळणार. ४ जुलै २०१६ ला पहिलं वाटप झालं. नवे लोक आपली ओळख करून देणारा लेख लिहायचे. बरेच जण नाव आणि तारीख लिहिलेला कागद हातात धरून फोटो टाकायचे.

गोम होती मताच्या वजनात. ज्याच्या खात्यात जास्त 'स्टीम पॉवर', त्याचं मत जास्त जड. बड्या खातेदारांना 'व्हेल' म्हणत, किरकोळांना 'मिनो', म्हणजे चिमुकले मासे. त्यात सुरुवातीचा हिशेब वर्गाचा होता. एखाद्या लेखाला दुसऱ्याच्या दहापट वजनाची मतं पडली, तर कमाई शंभरपट व्हायची. एक व्हेल खूश झाला की लेखकाची दिवाळी. शंभर मिनोंनी मनापासून वाचलं तरी हाती चिल्लर. मग नवखा माणूस वाचकाचा विचार करेल की व्हेलच्या आवडीनिवडीचा?

जून २०१७ मध्ये कमाई मतांच्या सरळ प्रमाणात मिळू लागली. नियम रास्त होता, पण आता प्रत्येक मताची किंमत आधीच काढता येऊ लागली, आणि मतं विकणारे बॉट फोफावले. कमाईची मुदत सात दिवसांची, त्यामुळे सगळी धडपड त्या आठवड्यापुरती. ऑगस्ट २०१९ मध्ये लेखक आणि मतदार यांची वाटणी ७५-२५ वरून निम्मी-निम्मी झाली. चांगलं लेखन शोधून मत देणं परवडावं, हा हेतू. पण त्याच वेळी कमी मतं पडलेल्या लेखांचा वाटा आणखी घटला. पुढे जस्टिन सन यांनी कंपनी विकत घेतली आणि मार्च २०२० मध्ये अनेकांनी बाहेर पडून 'हाइव्ह' उभं केलं. तिथेही मताचं वजन खात्यातल्या शिलकीवरच ठरत राहिलं.

एवढे नियम बदलले, पण लेख वाचून मत दिलं की न वाचता, हे एकाही नियमाला ओळखता आलं नाही.

मी बॉटचा नाद सोडला. रोज पाच नवख्यांचे लेख शेवटपर्यंत वाचायचे आणि काय आवडलं, काय कळलं नाही ते त्यांना लिहायचं, असं ठरवलं. महिन्याभराने त्यांच्यातल्याच एका मुलीने माझा पहिला लेख शोधून वाचला आणि विचारलं, "दळताना आजी काय म्हणायची?"

सात दिवसांची मुदत कधीच उलटली होती. कमाई शून्यच राहिली. त्या रात्री मी आजीला फोन लावला आणि ती सांगेल तशा ओव्या लिहून घेतल्या.