विद्युत् दाब नियमन, स्थानिक वितरण जाळ्यातील

वितरण रोहित्रापासून ग्राहकाच्या जोडणीपर्यंत जाणाऱ्या वाहिनीतील विद्युत् दाब विहित मर्यादेत राखण्याच्या क्रियेस स्थानिक दाब नियमन म्हणतात. वाहिनीतून प्रवाह जाताना तारेच्या रोधामुळे दाब घटतो व रोहित्रापासून दूर जावे तसतसा तो उतरत जातो. सुमारे शंभर वर्षे ही उतरण आवरणे एवढाच दाब नियमनाचा अर्थ होता. घरांच्या छपरांवर सौर विद्युत् संच मोठ्या संख्येने बसू लागल्यावर दुपारच्या वेळी प्रवाहाची दिशा उलटली आणि पूर्वी ज्या घरी दाब सर्वांत कमी असे त्याच शेवटच्या घरी तो सर्वांत जास्त होऊ लागला. या उलट्या प्रश्नावर १९९० नंतर निरनिराळ्या देशांत जे उपाय योजले गेले, त्यांत वाढीव दाब उतरविण्याचा भार वीज कंपनीच्या तारा व रोहित्रे यांवरून हळूहळू ग्राहकाच्या घरातील साधनावर सरकत गेलेला दिसतो; आणि वाहिनीच्या टोकाशी राहणाऱ्याच्या वाट्याला तो इतरांपेक्षा अधिक आलेला आढळतो.

पूर्वपीठिका : बूडापेस्ट येथे झिपरनोव्हस्की, ब्लाथी व डेरी यांनी १८८५ मध्ये सिद्ध केलेल्या रोहित्रामुळे वीज उच्च दाबाने दूरवर नेऊन वापराच्या जागी कमी दाबाने वाटणे शक्य झाले. दाब कमीजास्त करण्यासाठी रोहित्राच्या गुंडाळीतील वेढ्यांची संख्या टॅप बदलून बदलतात. प्रवाह न तोडता टॅप बदलणाऱ्या यंत्रणेचे एकस्व जर्मन अभियंता बेर्नहार्ट यान्सेन यांनी १९२७ मध्ये घेतले. ही यंत्रणा महाग असल्याने ती मोठ्या उपकेंद्रांतच बसविली गेली. गल्लीतल्या वा खेड्यातल्या लहान रोहित्राचे टॅप मात्र वीज बंद ठेवून हातानेच बदलावे लागत आणि एकदा बसविलेले टॅप बहुधा वर्षानुवर्षे तसेच राहत. हिवाळी संध्याकाळी सर्वांचे दिवे व शेगड्या चालू असताना शेवटच्या घरीही दाब पुरेसा राहावा म्हणून रोहित्रापाशी तो मुद्दाम वरच्या पातळीवर ठेवण्याचा प्रघात होता. वीज एकाच दिशेने वाहते, हे गृहीत या साऱ्या रचनेत इतके मुरलेले होते की ते कोठे लिहून ठेवण्याची गरजही कोणास वाटली नाही.

दाबाचे आकडेही याच काळात ठरले. आंतरराष्ट्रीय विद्युत् तांत्रिक आयोगाने १९८३ मध्ये २२० व २४० व्होल्ट या दोन प्रमाणांऐवजी २३० व्होल्ट हे एकच प्रमाण शिफारशिले. ब्रिटनने ते १९९५ मध्ये स्वीकारले. पण मर्यादा +१० व –६ टक्के अशा सोयीस्कर ठेवल्यामुळे दाब उतरला तो कागदावर, तारेत जवळजवळ नाही. ऑस्ट्रेलियात २००० साली हेच घडले. यूरोपीय प्रमाणकानुसार आठवडाभरातील दहा-दहा मिनिटांच्या सरासरी दाबांपैकी ९५ टक्के सरासऱ्या २३० व्होल्टच्या १० टक्के वरखाली, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्टच्या दरम्यान, असाव्या लागतात. सौर संचांना जागा उरली ती नेहमीचा दाब व २५३ व्होल्ट यांमधील अरुंद पट्ट्यात.

जर्मनीतील अनुभव : जर्मनीत १९९० साली ‘हजार छपरे’ हा शासकीय कार्यक्रम सुरू झाला व त्याखाली दोन हजारांहून अधिक संच बसले. १९९१ पासून लागू झालेल्या कायद्याने नवीकरणीय ऊर्जास्रोतांपासूनची वीज विकत घेणे वीज कंपन्यांना बंधनकारक केले. २००० च्या कायद्याने वीस वर्षांसाठी निश्चित दराची हमी दिली. त्या वर्षी देशाची सौर विद्युत् क्षमता शंभर मेगवॉटच्या आसपास होती. २०१२ अखेर ती ३२,००० मेगवॉटच्या पुढे गेली. बव्हेरियातील शेतकऱ्यांच्या गोठ्यांची व कोठारांची विस्तीर्ण छपरे सौर तावदानांनी भरली. अशा खेड्यांत विजेची मागणी थोडी आणि वाहिन्या लांब होत्या, त्यामुळे दाबवाढीचा प्रश्न तेथे प्रथम तीव्र झाला.

तो कसा उद्‌भवतो हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १५० चौ. मिमी. ॲल्युमिनियमच्या भूमिगत केबलचा रोध दर किमी.ला सुमारे ०·२ ओहम असतो. रोहित्रापासून ५०० मी. अंतरावरच्या गोठ्यावरून ६० किलोवॉट वीज ४०० व्होल्टच्या त्रिकला वाहिनीत सोडली, तर त्या टोकाशी दाब पावणेचार टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे २३० व्होल्टमागे सुमारे साडेआठ व्होल्ट वाढतो. केबल तापण्याच्या मर्यादेपासून पुष्कळ दूर असते. दाबाची मर्यादा मात्र ओलांडली जाते. तेथे जोडणी देता येईल की नाही हे तारेच्या वहनक्षमतेपेक्षा दाबावरून ठरते. जर्मन वीज कंपन्यांच्या संघटनेच्या जुन्या मार्गदर्शिकेनुसार जाळ्यातील सर्व संचांमुळे मिळून होणारी दाबवाढ २ टक्क्यांपेक्षा अधिक चालत नसे. त्यापुढे नवी केबल टाकणे किंवा रोहित्र बदलणे भाग पडे व हा खर्च अखेरीस सर्व ग्राहकांच्या देयकांत जमा होई.

ऑगस्ट २०११ पासून लागू झालेल्या नव्या तांत्रिक नियमाने ही मर्यादा ३ टक्के केली आणि नियमनाचे काम प्रथमच इन्व्हर्टरवर, म्हणजे तावदानांतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणाऱ्या साधनावर सोपविले. इन्व्हर्टरने वीज देत असतानाच जाळ्यातून रिॲक्टिव्ह शक्ती (प्रत्यक्ष कार्य न करता स्रोत व भार यांच्यात येरझारा घालणारी शक्ती) घेतली, तर वाहिनीच्या प्रवर्तकतेमुळे दाब काहीसा उतरतो. यासाठी मोठ्या संचांना ०·९० व मध्यम संचांना ०·९५ पर्यंत शक्तिगुणक बदलता येणे सक्तीचे झाले. या युक्तीचे त्या काळी झालेले कौतुक थोडे अतिरिक्त होते. वरील उदाहरणातील केबलमध्ये रोधाच्या मानाने प्रवर्तकतेचा परिणाम बराच कमी असल्याने ०·९५ शक्तिगुणकाने दाब जेमतेम अर्धा टक्का उतरतो, आणि वाढीव प्रवाहामुळे तारेतील ऊर्जाव्यय वाढतो तो वेगळाच. खांबांवरच्या उघड्या तारांत हा उपाय अधिक गुणकारी ठरतो.

त्याआधीच्या नियमांत इन्व्हर्टरकडून याच्या नेमकी उलट अपेक्षा होती : जाळ्यात काही बिघाड दिसताच त्याने स्वतःला तोडून घ्यावे. असे संच मोजकेच राहतील हे त्यात गृहीत होते. कंप्रता ५०·२ हर्ट्झवर जाताच सारे संच एकदम बाहेर पडून मोठा वीजपुरवठा खंडित होण्याचा धोका ध्यानात आल्यावर २०१२ मध्ये वटहुकूम काढून तीन लाखांहून अधिक जुन्या संचांत दुरुस्ती करावी लागली.

२०१२ पासूनच लहान संचांना दोन पर्याय देण्यात आले : दूरनियंत्रण स्वीकारावे किंवा स्थापित क्षमतेच्या ७० टक्क्यांहून अधिक वीज जाळ्यात सोडू नये. पूर्ण क्षमतेजवळ पोहोचणारे तास वर्षात मोजकेच असल्याने ऊर्जेचा तोटा थोडा होता. पण त्याची भरपाई मिळत नसे. ही अट २०२२-२३ मध्ये उठविण्यात आली व फेब्रुवारी २०२५ च्या कायद्याने नियंत्रण यंत्रणा नसलेल्या नव्या संचांसाठी ६० टक्के या कडक रूपात परतली. भार चालू असताना टॅप बदलणारी लहान वितरण रोहित्रेही २०१० नंतरच्या दशकात उपलब्ध झाली. यान्सेन यांची कल्पना अशा रीतीने ऐंशीहून अधिक वर्षांनी खेड्यापर्यंत पोहोचली. तांत्रिक दृष्ट्या हा उपाय सर्वांत न्याय्य म्हणावा लागेल, कारण त्याने वाहिनीवरील सर्वच घरांचा दाब एकदम उतरतो व कोणा एकाची वीज कापावी लागत नाही.

टोकाच्या घराचा प्रश्न : तोट्याच्या विषम वाटणीकडे जपानने लवकर लक्ष दिले. तेथे घरगुती जोडणीचा दाब १०१ व्होल्टच्या ६ व्होल्ट वरखाली राखावा लागतो. ही मर्यादा गाठताच इन्व्हर्टर निर्मिती घटवितो. त्यामुळे सारखेच पैसे खर्चून सारखेच संच घेतलेल्या शेजाऱ्यांत रोहित्रापासून दूर राहणाऱ्याची वीज आधी वाया जाते. गुम्मा प्रांतातील ओता शहरी २००२ ते २००७ या काळात शासकीय संस्थेमार्फत एका वसाहतीतील ५५३ घरांवर एकूण सुमारे २·१ मेगवॉटचे संच बसवून याचा अभ्यास झाला. घरोघरी शिसे-अम्ल विद्युत् घटमाला ठेवून दुपारची जादा वीज साठविण्यात आली. दाब आटोक्यात राहिला. परंतु त्या काळच्या घटमालांची किंमत पाहता हा उपाय सर्वत्र लागू करणे शक्य नव्हते.

ऑस्ट्रेलियात, विशेषतः साउथ ऑस्ट्रेलिया राज्यात, प्रश्नाने आणखी वेगळे वळण घेतले. जुन्या २४० व्होल्टच्या सवयीमुळे तेथील वाहिन्यांचा दाब मुळातच चढा असतो. तेथील २०२० च्या प्रमाणकानुसार दाब २५३ व्होल्टच्या वर जाताच इन्व्हर्टर निर्मिती कमी करू लागतो व २६० व्होल्टला ती २० टक्क्यांवर आणतो. दहा मिनिटांची सरासरी २५८ व्होल्टच्या वर गेल्यास तो बंदच पडतो. यामुळे होणारा सरासरी तोटा अल्प असतो, पण सरासरी येथे फसवी आहे : बहुतेक घरांना तो जाणवतही नाही आणि काही थोड्यांना तो भरपूर सोसावा लागतो. १४ मार्च २०२१ रोजी राज्यातील मागणी धोकादायक पातळीपर्यंत उतरली, तेव्हा दूरनियंत्रण नसलेले जुने संच बंद पाडण्यासाठी उपकेंद्रांतून दाब मुद्दाम वाढविण्यात आला. ज्या दाबवाढीविरुद्ध अभियंते झगडत होते, तीच अशा प्रकारे नियंत्रणाचे साधन बनली. याच सुमारास तेथील वीज कंपनीने जाळ्याच्या तत्कालीन स्थितीनुसार निर्यात मर्यादा बदलत राहण्याची पद्धत आणली. कायम १·५ किलोवॉट की बदलती पण १० किलोवॉटपर्यंत, अशी निवड ग्राहकापुढे ठेवली गेली.

भारतात प्रश्नाची पार्श्वभूमी निराळी आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत कमी दाबाच्या जोडणीसाठी ६ टक्के वरखाली अशी मर्यादा होती; पण ग्रामीण महाराष्ट्रात वाहिनीच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याची तक्रार कमी दाबामुळे पंप न चालण्याची वा जळण्याचीच राहिली, आणि शहरांतही दूरचित्रवाणी संच व शीतकपाट यांना स्टॅबिलायझर लावण्याची सवय त्यातूनच आली. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत एका वितरण रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंतच छपरावरील सौर संच जोडण्याची मर्यादा होती. २०१९ मध्ये ती ७० टक्के करण्यात आली. ही मर्यादा रोहित्राच्या क्षमतेवर आधारलेली असल्याने संच वाहिनीच्या आरंभी आहे की टोकाशी, याचा विचार तीत होत नाही. शिवाय येथील बहुसंख्य घरांची जोडणी एककला आहे. तीच वीज समतोल त्रिकला संचाऐवजी एकाच कलेतून, तेवढ्याच जाडीच्या उदासीन तारेसह, जाळ्यात सोडली तर दाबवाढ सुमारे सहापट होते. जर्मनीत एककला संचास ४·६ किलोव्होल्ट-अँपिअरची मर्यादा आहे ती यामुळेच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने एक कोटी घरांसाठी छपरावरील सौर संचांची योजना जाहीर केल्यावर, कोणत्या घराची जोडणी कोणत्या कलेवर आहे याची नोंद ठेवणे हे आजवर दुर्लक्षित राहिलेले काम वितरण कंपन्यांच्या शाखा कार्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाचे झाले आहे.