डेव्हनचे पाणी आणि मैलापाणी

इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील डेव्हन परगण्याचे नाव आपल्या वाचनात येते ते बहुधा आरमारी पराक्रमाच्या अनुषंगाने. परंतु ज्या फ्रान्सिस ड्रेकने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि स्पेनच्या आरमाराशी झुंज घेतली, त्याच ड्रेकने प्लिमथ शहरात पाण्याचा पाट आणला, आणि शहरवासीयांच्या कृतज्ञतेत या पाटाचे स्थान त्याच्या कोणत्याही सागरी विजयाहून खालचे कधी नव्हते. प्लिमथ हे नांदते बंदर असले तरी गोड्या पाण्याच्या बाबतीत दरिद्री होते. दूरच्या सफरीवर निघणाऱ्या जहाजांची पिंपे भरणे, आग लागल्यास ती विझवणे, आणि डार्टमूरच्या पठारावरील कथिलाच्या खाणींतून वाहून येऊन बंदरात साचणारा गाळ धुऊन काढणे, अशी कारणे पुढे करून शहराने पार्लमेंटकडून १५८५ च्या सुमारास कायदा मंजूर करून घेतला. प्रत्यक्ष खोदाई मात्र पाचएक वर्षे रेंगाळली, आणि १५९१ च्या एप्रिलमध्ये मीव्ही नदीचे पाणी सुमारे १७ मैलांची वळणे घेत शहरात पोहोचले.

या कामासाठी नगरसभेने ड्रेकला ३०० पौंड दिले. त्यांतले २०० खोदाईचे आणि १०० जमीनमालकांच्या नुकसानभरपाईचे, असा हिशेब होता. परंतु खरा लाभ निराळाच होता, कारण पाटाच्या काठी ज्या पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्या त्यांचा दीर्घ मुदतीचा मक्ता ड्रेकनेच पदरात पाडून घेतला. लोककथेला अर्थातच मक्त्याशी कर्तव्य नव्हते: ड्रेक डार्टमूरवर गेला, एका झऱ्यापाशी मंत्र पुटपुटला, घोड्याला टाच मारून शहराकडे दौडत निघाला आणि पाणी त्याच्या घोड्याच्या शेपटामागोमाग धावत आले, असे तिकडचे लोक सांगत आले. भगीरथाची कथा बाळपणी ऐकलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. आमच्या भगीरथाने गिरण्यांचा मक्ता घेतल्याचे पुराणांत नमूद नाही, एवढाच काय तो फरक. पाटाच्या मुखाशी नगरप्रमुखांनी जाऊन पाहणी करावी, आधी पाण्याचा आणि मग मद्याचा पेला उंचावून ड्रेकचे स्मरण करावे, हा समारंभ शतकानुशतके चालत आला, आणि १८९८ मध्ये बरेटर येथे धरण बांधून झाल्यावर पाटाचे प्रयोजन संपले तरी तो संपला नाही.

पाणी मिळाले की औदार्य वाढतेच असे नाही. शेजारी शाही गोदीभोवती जी नवी वसाहत वाढत होती, तिने या पाण्याचा वाटा मागितला तेव्हा प्लिमथकरांनी तो नाकारला. १७६२ मध्ये चित्रकार रेनल्ड्स याच्यासमवेत तेथे आलेल्या कोशकार डॉ. जॉन्सनने, गावाशी कसलाही संबंध नसता, प्लिमथचा कैवार घेऊन गोदीवाल्यांना थेंबही देऊ नये असा थट्टेने आग्रह धरल्याचे त्याचा चरित्रकार बॉस्वेल याने नमूद केले आहे. अखेरीस गोदीवाल्यांनी शतक संपता संपता डार्टमूरवरून आपला स्वतंत्र पाट आणला.

परगण्याचे मुख्य शहर एक्सेटर. तेथील कॅथीड्रलच्या धर्मपीठाने मध्ययुगातच शहराबाहेरच्या झऱ्यांचे पाणी शिशाच्या नळांनी आत आणले होते. नळ फुटला की दर वेळी रस्ता खणण्यापेक्षा नळासाठी माणूस शिरू शकेल असे दगडी भुयारच बांधावे, ही तजवीज चौदाव्या शतकात प्रथम धर्मपीठाने केली आणि पुढच्या शतकात नगराने तिचे अनुकरण केले. ही भुयारे आजही पाहता येतात. मात्र इतकी दूरदृष्टी पाणी आणण्यात दाखवणाऱ्या शहराने वापरलेले पाणी जाते कोठे, याचा विचार पाचशे वर्षे केला नाही. १८३२ च्या उन्हाळ्यात पटकीने एक्सेटर गाठले आणि सुमारे २८,००० वस्तीच्या त्या शहरात चारशेच्या आसपास माणसे दगावली. डॉ. टॉमस शॅप्टर याने या साथीचा वृत्तांत १८४९ मध्ये प्रसिद्ध केला, तोही मृत्यूंच्या जागा ठिपक्यांनी दर्शवणाऱ्या नकाशासह. १८३२ च्या साथीनंतर एक्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराची घाण पोहोचणार नाही अशा ठिकाणी, नवे जलकेंद्र झाले. १८४९ ची साथ शहरात फारशी टिकली नाही, आणि लंडनचा डॉक्टर जॉन स्नो याने पटकी पाण्यातून पसरते हे सिद्ध करताना एक्सेटरचा हा दाखला दिला.

तरीही मैलापाणी नदीतच जात राहिले. ते शेतात सोडावे, किंवा त्यात चुना घालून गाळ खाली बसवावा, हेच मुख्य उपाय त्या काळच्या नगरपालिकांना ठाऊक होते, आणि दोहोंनाही जागा, पैसा व नाक यांची मोठी किंमत मोजावी लागे. एक्सेटरचा नगर सर्वेक्षक डोनल्ड कॅमेरॉन याने १८९५-९६ मध्ये बेल आयल येथे बंदिस्त हौद बांधून मैलापाणी त्यातून संथपणे वाहू दिले, आणि प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंकडून गाळाचा बराच भाग आतल्या आत पचवून घेतला. फ्रान्समध्ये मूरास याने तत्सम यंत्रणा आधी केली होती. परंतु 'सेप्टिक टँक' हे नाव आणि साऱ्या नगराच्या उपयोगी पडेल असा व्याप कॅमेरॉनचा. हौदातून निघणारा वायू जाळून त्याने तेथील दिवेही लावले.

या हौदाची कीर्ती मुंबईस पोहोचण्यास विलंब लागला नाही. मुंबई नगरपालिकेचे ड्रेनेज इंजिनिअर सी. सी. जेम्स यांच्या देखरेखीखाली माटुंग्याच्या कुष्ठालयात असा हौद झाला, आणि त्यातल्या वायूवर एंजिन चालवण्यात आले. हे कुष्ठालय १८९० मध्ये स्थापन करणारे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅकवर्थ, म्हणजे शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध करणारे तेच अ‍ॅकवर्थ.

प्लिमथमध्ये ड्रेकचा पुतळा आहे, त्याच्या नावाने मेजवानी झडते. कॅमेरॉनच्या वाट्याला यातले काही आले नाही, आणि हा न्याय एकट्या डेव्हनचा नव्हे. आपल्या गावाच्या नळयोजनेच्या उद्घाटनाची कोनशिला ज्यांनी हौसेने वाचली असेल, त्यांनी गावाच्या मैलापाण्याचे दप्तरही एकदा नगरपालिकेतून काढून पाहावे, आणि त्यातील नोंदी कसर लागण्याआधी उतरवून घ्याव्यात.