दिलासा : एका शब्दाचा पूर्वेतिहास

दुःखात सापडलेल्या माणसाला आपण जे देऊ करतो, त्याला मराठीत सांत्वन, समाधान, धीर, आधार अशी अनेक नावे आहेत. परंतु त्या साऱ्यांत ‘दिलासा’ या शब्दाच्या ठायी जो भरवसा आहे तो इतरांत क्वचितच आढळतो, आणि त्याचे कारण व्युत्पत्तीपेक्षा आपल्या मुलखाच्या जुन्या दफ्तरांत अधिक स्पष्टपणे सापडते.

व्युत्पत्ती सरळ आहे. फारसीत ‘दिल’ म्हणजे अंतःकरण आणि ‘आसूदन’ म्हणजे विसावणे, स्वस्थ होणे. अंतःकरणाला विसावा तो दिलासा. भाषाशास्त्रज्ञांच्या मते फारसी ‘दिल’ आणि संस्कृत ‘हृद्’ ही एकाच प्राचीन मूळ शब्दाची रूपे असल्यामुळे, बहामनी व शाही अमदानीत दरबारी भाषेबरोबर मराठीत आलेला हा शब्द रक्ताच्या नात्याने आपल्याला अगदीच परका नव्हता. इकडे संस्कृत परंपरेतही अमरकोशकारांनी ‘साम’ आणि ‘सान्त्व’ हे शब्द क्षत्रियवर्गात पर्याय म्हणून दिले आहेत. म्हणजे साम, दान, भेद व दंड या चार उपायांपैकी पहिला उपाय आणि शोकाकुलाचे सांत्वन यांचे कूळ एकच ठरते. व्यथिताला आश्वस्त करणे हे राजकर्तव्य होय, ही धारणा अशा रीतीने दोन्ही प्रवाहांत वाहत आलेली होती.

या धारणेला देहरूप मिळाले ते मुलूखगिरीच्या आणि अवर्षणाच्या काळात. फौजेच्या पायाखाली पिके तुडविली जात, किंवा १६३० च्या सुमारास दख्खनवर कोसळला तसा भयंकर दुष्काळ पडे, तेव्हा रयत परागंदा होई, गावे बेचिराख होत आणि सरकारची जमाबंदी कागदावरच राही. अशा वेळी पळालेल्या कुणब्याला परत आणावयाचे तर नुसते गोड शब्द निरुपयोगी होते; म्हणून दिलाशाच्या जोडीला ‘कौल’ असे. कौल म्हणजे दिलेले वचन, आणि ते लेखी असले म्हणजे कौलनामा. परत येऊन लावणी-संचणी करावी, कोणी उपसर्ग करणार नाही, पहिल्या साली सारा हलका घेऊन पुढे इस्ताव्याने सालोसाल चढवीत तो पुऱ्या आकारावर नेला जाईल, अशी हमी त्यात दिली जाई. ज्याच्यापाशी बैल वा बियाणे नसे त्याला तगाई मिळे. भयाने उखडलेले मन आणि ओसाड पडलेली जमीन या दोहोंची मशागत एकाच कागदाने व्हावी, असा हा विचार होता.

आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केलेल्या पुण्यात जिजाबाईंच्या काळी सोन्याचा नांगर फिरविल्याची जी परंपरागत कथा सांगतात, तिचा आशय हाच आहे. तिला आख्यायिका म्हणून बाजूस ठेवले, तरी छत्रपती शिवाजी महाराजांनी ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना धाडलेले पत्र हा अस्सल पुरावा आपल्यापुढे आहे. सुभेदाराने गावोगाव हिंडावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्या अंगी कष्टाची ताकद आहे पण बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसा व पोटासाठी धान्य द्यावे, आणि त्याची वसुली वाढीदिढी न लावता, केवळ मुद्दलापुरती, त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू करावी, अशी त्यातील आज्ञा आहे. दुःखिताच्या अंतःकरणाला विसावा कशाने मिळतो याचे इतके नेमके ज्ञान राज्यकर्त्याच्या लेखणीत क्वचितच उतरते. याच महाराजांच्या प्रेरणेने राज्यव्यवहारकोश सिद्ध होऊन फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजिले गेले, तरीही ‘दिलासा’ आणि ‘कौल’ लोकांच्या जिभेवरून ढळले नाहीत. किंबहुना देवापुढे लावावयाचा कौलही त्याच अरबी वचनाचे नाव घेऊन देवळात स्थिरावला.

आज ‘शेतकऱ्यांना दिलासा’, ‘न्यायालयाकडून दिलासा’ असे मथळे वाचून एका कोमल शब्दाला रूक्ष व्यवहारात ओढल्याची तक्रार कोणी केली, तर ती इतिहासाला धरून होणार नाही, कारण सवलत, मुदत आणि संरक्षण हे तर या शब्दाचे जुने अर्थ. खरी झीज झाली आहे ती आपल्या खासगी वापरात. समाचाराला जाऊन चार शब्द बोललो की दिलासा दिला, असे आपण मानू लागलो आहोत. सुतक पडलेल्या घरात चूल पेटत नाही तेव्हा न सांगता पिठलेभात आणून देणारा शेजारी, किंवा कर्त्या पुरुषाच्या निधनानंतर त्या घरच्या पेरणीला स्वतःची औते धाडणारा भाऊबंद, यांनी शब्दाचा मूळ करार अधिक इमानाने पाळला आहे. ज्या आश्वासनामागे देणाऱ्याने स्वतः काही भार उचललेला नसतो, त्याला मराठीत दुसरे कोणतेही नाव द्यावे. दिलासा म्हणू नये.