धारवाड: दोन भाषांचे गाव

मराठी वाचकाला धारवाड दोन गोष्टींमुळे ठाऊक असते: पेढा आणि जी. ए. कुलकर्णी. दोहोंबद्दल आपल्या मनात एक नकळत स्वामित्वभाव असतो. बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर, मलेनाडूची झाडी संपून काळ्या मातीचे मैदान सुरू होते त्या सीमेवर वसलेले हे महाविद्यालयांचे गाव पाहायला जाताना तो भाव थोडा बाजूला ठेवावा. भाषा माणसाची कशी होते, या प्रश्नाचे इतके बोलके उत्तर फार थोडी गावे देतात.

आरंभ किल्ल्यापासून करावा. किल्ला आता नावापुरता, एका दरवाज्याच्या रूपाने उरला आहे. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने इंग्रजांच्या तुकडीसह येथे टिपूच्या शिबंदीला कित्येक महिने वेढा घातला आणि अखेर किल्ला घेतला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि धारवाड मुंबई इलाख्यात गेले. सत्ता बदलली, तरी कचेरीत आणि शाळेत मराठीचे वजन टिकून राहिले. प्रजा कानडी आणि कारभार मराठी वळणाचा, अशी ती घडी होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्यातील ‘डेप्युटी’ चन्नबसप्पांसारख्यांनी कन्नड शाळांसाठी जे कष्ट घेतले, त्यांचा अर्थ या पार्श्वभूमीवरच कळतो.

१८९० मध्ये रा. ह. देशपांडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेला कर्नाटक विद्यावर्धक संघ आजही गावात आहे. तेथे एखादी संध्याकाळ काढावी. पुढे कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीचे जे केंद्र बनले, त्याची बैठक इथली. त्या चळवळीचे कुलपुरोहित म्हणून गौरवले गेलेले आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले होते आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी कन्नडमध्ये आणले. मराठीच्या वर्चस्वाला उत्तर देणाऱ्या या माणसांनी मराठीशी वैर धरले नाही. तिच्याकडून जे शिकायचे ते शिकून त्यांनी स्वतःच्या भाषेचे घर बांधले. कन्नड संशोधन संस्था १९३९ ची. ती आता विद्यापीठाचा भाग आहे आणि तिचे संग्रहालय अभ्यासकाने चुकवू नये. १९१७ चे कर्नाटक महाविद्यालय आणि १९५० मध्ये मुंबईहून येथे आलेले कर्नाटक विद्यापीठ हे त्याच घराचे पुढचे मजले. सुभाष रस्त्यावर ‘मनोहर ग्रंथमाला’ या १९३३ मध्ये सुरू झालेल्या प्रकाशनसंस्थेचा माळा आहे. कन्नड साहित्यिकांच्या पिढ्या तेथे बसून वाद घालत आल्या आहेत. गिरीश कार्नाडांचे पहिले नाटक ‘ययाति’ याच संस्थेने १९६१ मध्ये छापले.

तेथून साधनकेरीला जावे. केरी म्हणजे तळे. तळ्याजवळच द. रा. बेंद्रे यांचे घर आहे. बेंद्रे १८९६ मध्ये धारवाडात, मराठी बोलणाऱ्या चित्पावन कुटुंबात जन्मले. पदवी फर्ग्युसनची, अध्यापनाची बारा वर्षे सोलापुरात, आणि ‘संवाद’सारखे मराठी लेखनही त्यांच्या नावावर आहे. तरीही कविता त्यांनी कन्नडमध्ये लिहिली, आणि तीही धारवाडच्या रस्त्यावरच्या, बाजारातल्या, बायकांच्या ओठांवरच्या कन्नडमध्ये. घरातली भाषा एक आणि कवितेची दुसरी, ही त्यांनी केलेली निवड होती.

याच गावात जी. ए. कुलकर्णी सुमारे तीन दशके जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवत होते. वर्गात इंग्रजी, रस्त्यावर कन्नड आणि कथेत मराठी. मराठी वाङ्मयाच्या सभा-संमेलनांपासून दूर राहून त्यांनी जी मराठी घडवली, तिच्यातले ते घनदाट एकाकीपण पुण्या-मुंबईत याच रूपात आले असते का, हा प्रश्न शिक्षकांनी विद्यार्थ्यांपुढे जरूर ठेवावा.

१९७३ हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या वर्षीचा ज्ञानपीठ पुरस्कार बेंद्र्यांना ‘नाकु तंती’साठी (गोपीनाथ मोहंतींसह विभागून) जाहीर झाला आणि साहित्य अकादमीचा मराठीसाठीचा पुरस्कार जी. एं.च्या ‘काजळमाया’ला. प्रकाशनवर्षाचा वाद उपस्थित होताच जी. एं.नी तो परत केला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्याच्या नावावर भाषेची मोहोर उमटत असताना एका लहानशा गावात जन्माने मराठी असलेला कन्नड कवी आणि कन्नड मुलुखात राहणारा मराठी कथाकार एकाच वेळी आपापल्या भाषेच्या शिखरावर होते.

संगीताची वाट तर या सीमा जुमानतच नाही. भास्करबुवा बखल्यांनी येथील ट्रेनिंग कॉलेजात गाणे शिकवले. जवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले आणि पुढे अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ व भूर्जीखाँ यांचे शिष्य झाले. त्यांचे ‘मृत्युंजय’ हे घर आता स्मारक आहे. एकाच गळ्यातून कन्नड वचने आणि मराठी पदे ज्या सहजतेने आली, तिचा उगम या घरात बसल्यावर उमगू लागतो.

खाण्याचे म्हणाल तर दुपारी ज्वारीची भाकरी आणि एण्णेगाई, म्हणजे तेलावर शिजलेली भरली वांगी; संध्याकाळी मसालेदार चुरमुऱ्यांचे गिरमिट आणि सोबत गरम मिरची भजी. शेवटी लाइन बाजारातला पेढा. खवा तपकिरी होईपर्यंत परतून, वळून, साखरेत घोळवलेला. तो पहिल्यांदा करणारे ठाकूर कुटुंब उत्तर प्रदेशातल्या उन्नावहून आले, असे सांगतात. आज त्या पेढ्याला धारवाडच्याच नावाने भौगोलिक निर्देशांक आहे.

उन्नावचा पेढा धारवाडी झाला, मराठी घरातला मुलगा कन्नडचा वरकवी झाला आणि मराठी कथेने कन्नड गावात आपला एकांत शोधला. सीमेचे दावे जनगणनेतल्या मातृभाषेच्या रकान्यावर उभे राहतात. तो रकाना बेंद्र्यांबद्दल काय सांगू शकला असता? भाषा जन्माने मिळते, आणि कष्टाने निवडताही येते. ज्याने तिच्यात आयुष्य घातले त्याची ती होते. साहित्याच्या विद्यार्थ्याने धारवाडहून पेढ्याच्या खोक्याबरोबर एवढे तरी घेऊन यावे.