बालकांची दोत्रीन व वडिलांचें पुराण

फादर टॉमस स्टीफन्सकृत ख्रिस्तपुराणाची चर्चा भाषेच्या व छंदाच्या अंगानें आमच्याकडे पुष्कळ झाली आहे. त्याच ग्रंथकाराची दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी, मात्र कोंकणीच्या अभ्यासकांपलीकडे फारसें कोणी उघडीत नाहीं. हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून आम्हीं एकच गोष्ट पाहूं इच्छितों: नव्यानें ख्रिस्ती झालेल्या साष्टीच्या घरांत मुलास वळण लावावयाचें कोणीं, व कशाच्या बळावर?

स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं वारला. पुराण १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. दोत्रीन त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ सालीं, तेथेंच रोमन लिपींत निघाली. मुलांस शिकविण्यासाठीं संवादरूपानें रचिलेली, असें तिच्या पोर्तुगीज मुखपृष्ठावरच म्हटलें आहे. आधार मार्कुश जॉर्ज याच्या पोर्तुगीज दोत्रिनीचा.

आतां संवादाची जात पाहावी. प्रश्नोपनिषदांत सहा जण समिधा घेऊन पिप्पलादाकडे जातात. विचारतात ते शिष्य. दोत्रिनींत विचारतो गुरु, उत्तर देतो शिष्य. हा संवाद जिज्ञासेचा नव्हे, पाठांतराच्या परीक्षेचा आहे. (ज्यांचा जन्म मुलांचीं पाठांतरें घेण्यांत गेला त्या आम्हांस ही रीत परकी नाहीं.) पुराणांत मात्र आपल्याकडचा क्रम राखला आहे. नवख्रिस्ती ब्राह्मण पुढें होऊन म्हणतो कीं, पूर्वींचीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांस दुसरें कांहीं द्यावें. आणि पाद्रीगुरु ओवीबद्ध उत्तर देतात.

हा भेद सहज पडला असें आम्हांस वाटत नाहीं. फ्रान्सिस झेवियर १५४२ सालीं गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवीत मुलांस दोत्रिनीस बोलावी. पुढें तामिळ किनाऱ्यावरील आपल्या कार्याविषयीं १५४४ च्या पत्रांत तो लिहितो कीं, शिकलेलें मुलांनीं घरीं आईबापांस व शेजाऱ्यांस शिकवावें असें आपण सांगितलें आहे. घरचा क्रमच उलटला! इकडे रोमला १५६६ सालीं निघालेला कॅटेकिझम चौथ्या आज्ञेच्या विवरणांत आईबापांस बजावतो कीं, मुलांशीं अति कठोर होऊं नये, लाडानें शिस्त ढिली करूं नये, आणि त्यांच्यासाठीं धन सांठविणें एवढेंच ध्येय मानूं नये. उपदेश उत्तम, पण ज्या बापास मुलाकडून धडा घ्यावा लागतो तो हें वळण लावणार कसें? पाठ केलेल्या उत्तरानें मूल परीक्षेस उतरेल. दिवेलागणीस त्याला सांगावयास गोष्ट लागते. जुन्या गोष्टी काढून घेतलेल्या वडीलधाऱ्यांच्या हातीं स्टीफन्सनें नवी गोष्ट दिली, व तीही त्यांच्या ओळखीच्या ओवींत, असें आमचें अनुमान आहे. काढून घेण्यामागील सत्तेची सक्ति त्यानें सौम्य होत नाहीं, हेंही येथेंच नोंदवितों.

ग्रंथाची पुढील हकीकत या अनुमानास पोषक आहे. १६४९ व १६५४ सालीं तो पुन्हां छापला गेला. १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यानें हुकूम काढला कीं, प्रजेनें तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलावें. ज्या बोलींत बासष्ट वर्षांपूर्वीं पाद्र्यांनींच मुलांसाठीं पुस्तक छापलें, जींत आई मुलाला हांक मारी, तीच घराबाहेर घालविण्याचा हा प्रयत्न. तरी पुराण नकलांच्या रूपानें जिवंत राहिलें, व जोसेफ साल्डाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास तें छापलें तें अशा हस्तलिखितांवरूनच. दोत्रिनीची मूळ छापील प्रत मारियानु सालदान्य यांनीं १९४५ सालीं लिस्बनला जशीच्या तशी पुनर्मुद्रित केली. तिला नकलाकारांनीं तारलें नाहीं, ग्रंथालयानें तारलें.

मार्सडेनच्या संग्रहांतील पुराणाची नागरी प्रत लंडनास आहे. संग्राहकांपैकीं कोणास एखादी घरगुती प्रत लाभल्यास, पाठभेद टिपण्यापूर्वीं त्यांनीं तिचीं पानें निरखावींत, व कोणते अवस्वर बोटांनीं अधिक मळले आहेत तें लिहून ठेवावें.